दोन देशांच्या तिसऱ्या आर्मीचा एकच सेनापती: जनरल राद्को दिमित्रिएव

१९१२ साली बल्गेरियाच्या तिसऱ्या आर्मीने तुर्कांची दाणादाण उडवली, तेव्हा तिचा सेनापती होता जनरल राद्को दिमित्रिएव. दोन वर्षांनी रशियाच्या तिसऱ्या आर्मीची सूत्रं ज्याच्या हाती आली तोही हाच. आणि १९१६ मध्ये हे दोन देश डोब्रुजात, म्हणजे डॅन्यूब आणि काळ्या समुद्राच्या मधल्या मुलखात, एकमेकांवर तुटून पडले, तेव्हा हा बल्गेरियन माणूस रशियन गणवेशात रीगाच्या आघाडीवर उभा होता.

एवढंच वाचलं तर कुणीही म्हणेल, फितूर दिसतो. १८८६ नंतरच्या बल्गेरियन सरकारने त्याला तसंच वागवलं. पण हा माणूस आयुष्यभर एकाच बाजूला उभा होता. त्याच्या पायाखालची जमीन मात्र दर काही वर्षांनी सरकत राहिली. ती का सरकत होती हे कळलं की बाल्कनचं सगळं राजकारण बऱ्यापैकी उलगडतं.

(एक सूचना: त्या काळी बल्गेरिया आणि रशिया जुनी ज्युलियन दिनदर्शिका वापरत. विसाव्या शतकात ती आपल्या दिनदर्शिकेच्या तेरा दिवस मागे होती. त्यामुळे एकाच घटनेच्या दोन तारखा पुस्तकांत सापडतात. इथे नव्या पद्धतीच्या दिल्या आहेत.)

किल्ल्या कुणाच्या कमरेला?

राद्कोचा जन्म १८५९ मध्ये ग्रादेत्स गावात झाला. पूर्व बल्गेरियातल्या कोतेलजवळचं हे गाव. तेव्हा बल्गेरिया नावाचा देश नकाशावर नव्हता. तो सगळा मुलूख उस्मानी सुलतानाच्या ताब्यात होता. १८७६ मध्ये बल्गेरियनांनी उठाव केला. तो इतक्या निर्घृणपणे चिरडला गेला की युरोपभर हळहळ झाली. पुढच्याच वर्षी रशियाने तुर्कस्तानवर स्वारी केली. विशीच्या आतला राद्को रशियन सैन्याबरोबर गेला. रशियनांना मुलखाची भाषा जाणणारी पोरं हवीच होती.

रशिया जिंकला. मार्च १८७८ च्या सान स्तेफानो तहात काळ्या समुद्रापासून पार मॅसेडोनियापर्यंत पसरलेला ऐसपैस बल्गेरिया कागदावर आला. इंग्लंड आणि ऑस्ट्रियाच्या पोटात गोळा उठला, कारण एवढा मोठा बल्गेरिया म्हणजे रशियाचं बाल्कनमधलं ठाणं. चार महिन्यांत बर्लिनला बैठक भरली आणि त्या बल्गेरियाचे तीन तुकडे झाले. उत्तरेला सुलतानाचं नाममात्र स्वामित्व मानणारं संस्थान, दक्षिणेला पूर्व रुमेलिया नावाचा अर्धवट स्वायत्त प्रांत, आणि मॅसेडोनिया परत थेट तुर्कांच्या घशात.

पुढच्या चाळीस वर्षांतली बल्गेरियाची जवळजवळ प्रत्येक लढाई हे तुकडे जोडण्यासाठी झाली. आणि दर वेळी तोच प्रश्न समोर आला: ज्या रशियाने सोडवलं, त्याच्या कलाने चालायचं की आपलं आपण बघायचं?

नव्या संस्थानाची फौज रशियाने उभारून दिली. बंदुका रशियन, कवायत रशियन, युद्धमंत्रीसुद्धा रशियन. कॅप्टनच्या वरची पदं रशियन अधिकाऱ्यांसाठी राखीव. जावयाला घर बांधून द्यायचं, पण किल्ल्या सासऱ्याने आपल्याच कमरेला ठेवायच्या, असा तो कारभार. राद्को सोफियाच्या सैनिकी शाळेच्या पहिल्या तुकडीत शिकला आणि मग सेंट पीटर्सबर्गच्या जनरल स्टाफ अकादमीत. रशियन त्याच्यासाठी हुकमाची भाषा होती, आणि ज्ञानाचीही.

कॅप्टनांची लढाई आणि राजाला पळवणं

सप्टेंबर १८८५ मध्ये पूर्व रुमेलियाने प्लोव्हदिवमध्ये उठाव करून बल्गेरियाशी विलीनीकरण जाहीर केलं. राजपुत्र अलेक्झांडर बॅटनबर्गने ते स्वीकारलं. रशियाला आनंद व्हायला हवा होता. पण आपल्याला न विचारता हे झालं म्हणून झार तिसरा अलेक्झांडर खवळला, शिवाय राजपुत्र त्याच्या डोळ्यात आधीपासून सलत होताच. झारने सगळे रशियन अधिकारी एका फटक्यात परत बोलावले.

सैन्य शिल्लक, वरचे अधिकारी गायब. हीच वेळ साधून नोव्हेंबरमध्ये सर्बियाने पश्चिमेकडून हल्ला केला. बल्गेरियाची बहुतेक फौज तेव्हा दुसऱ्या टोकाला, तुर्की सरहद्दीवर होती. ती देश ओलांडून धावत आली आणि स्लिव्ह्नित्साला तीन दिवसांच्या लढाईत सर्बांना परतवून लावलं. ‘कॅप्टनांनी जनरलांना हरवलं’ असं बल्गेरियात आजही म्हणतात. राद्को त्याच कॅप्टनांपैकी एक.

आता कुणालाही वाटेल की हे तरुण अधिकारी जिंकलेल्या राजपुत्राला डोक्यावर घेऊन नाचले असतील. झालं उलटंच. वर्षही उलटलं नाही तोच, ऑगस्ट १८८६ मध्ये, मेजर पेतर ग्रुएव्ह, कॅप्टन अनास्तास बेंदेरेव्ह आणि राद्को दिमित्रिएव यांनी त्याच राजपुत्राला मध्यरात्री राजवाड्यात गाठलं. सैनिकी शाळेचे कॅडेट आणि एक रेजिमेंट त्यांच्या सोबत होती. सिंहासन सोडल्याच्या कागदावर सही घेतली, त्याला डॅन्यूबकाठी नेलं आणि नावेत घालून रशियाच्या हद्दीत सोडून दिलं.

का केलं असं? त्यांचं म्हणणं सरळ होतं: झारचा या राजपुत्रावर राग आहे, रशियाशिवाय बल्गेरिया टिकणार नाही, म्हणून राजपुत्र गेला पाहिजे. बढत्यांवरून काहींच्या मनात सल होता हेही खरं. तत्त्व आणि पगार या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यात सुखाने नांदू शकतात.

कट मात्र काही दिवसांतच कोसळला. संसदेचा अध्यक्ष स्तेफान स्तांबोलोव्ह आणि लष्करातला सावा मुत्कुरोव्ह यांनी उलट उठाव करून राजपुत्राला परत आणलं. परत आलेल्या राजपुत्राने झारची मनधरणी करणारी तार पाठवली, झारने झिडकारलं, आणि सप्टेंबरमध्ये त्याने आपणहून गादी सोडली. म्हणजे कटवाल्यांना हवं ते झालं, फक्त सत्ता स्तांबोलोव्हच्या हाती गेली. तो रशियाच्या नावाने बोटं मोडणारा आणि विरोधकांना मुळीच न सोडणारा माणूस.

राद्को रुमानियात पळाला आणि तिथून नवा उठाव जुळवू लागला. मार्च १८८७ मध्ये रुसे शहरातल्या छावणीने बंड केलं. ते मोडून निघालं आणि गोळी घालून मारलेल्यांत मेजर अतानास उझुनोव्ह आणि मेजर ओलिम्पी पानोव्ह होते. उझुनोव्हने सव्वा वर्षापूर्वी सर्बांपासून विदिनचा किल्ला राखला होता. पानोव्हने स्लिव्ह्नित्साला तोफखाना सांभाळला होता. कॅप्टनांच्या लढाईतल्या वीरांना त्यांच्याच देशाने भिंतीला लावलं. राद्कोच्या कारकिर्दीतला हा भाग मला सर्वांत अवघड वाटतो. कट शिजवणारा सरहद्दीपलीकडे सुखरूप राहिला आणि जीव गेले ते आतल्यांचे.

अकरा वर्षं परकी चाकरी

पुढची दहा-अकरा वर्षं त्याने रशियन सैन्यात, कॉकेशसमध्ये काढली. बल्गेरियाने जर्मन घराण्यातल्या फर्डिनांडला राजपुत्र म्हणून बोलावलं. रशियाने त्याला मान्यताच दिली नाही. १८९४ मध्ये स्तांबोलोव्हची सत्ता गेली. पुढच्या वर्षी सोफियाच्या रस्त्यावर त्याच्यावर हल्ला झाला आणि तो जखमांनी मेला. फर्डिनांडने १८९६ मध्ये मुलाला, बोरिसला, ऑर्थोडॉक्स पंथाची दीक्षा दिली आणि रशियाने राग सोडला. मग परागंदा अधिकाऱ्यांसाठी दार उघडलं. राद्को १८९८ मध्ये परतला आणि १९०४ ते १९०७ सैन्याचा चीफ ऑफ स्टाफ होता. ज्याने एका राजपुत्राला नावेत घालून घालवलं, त्याच्याच हाती पुढच्या राजपुत्राने सैन्याचं नियोजन सोपवलं. दुसरा इतका शिकलेला माणूस तेव्हा होताच कुठे!

लोझेनग्राद ते चताल्जा

१९१२ मध्ये बल्गेरिया, सर्बिया, ग्रीस आणि माँटेनेग्रो यांनी हातमिळवणी करून तुर्कस्तानवर हल्ला केला. यामागे रशियाची फूस आणि मध्यस्थी होती. राद्कोच्या दृष्टीने हा सोन्याचा क्षण: देशाचं हित आणि रशियाची मर्जी, दोन्ही एकाच दिशेला. सुमारे ४३ लाख वस्तीच्या देशाने जवळजवळ सहा लाख माणसं उभी केली.

बल्गेरियाच्या तीन आर्म्या थ्रेसमध्ये, म्हणजे बल्गेरिया आणि इस्तंबूल यांच्या मधल्या मुलखात, उतरल्या. राद्कोची तिसरी आर्मी घोडदळाच्या आडोशाने पूर्वेकडे लपवून ठेवली होती. ती नेमकी कुठे आहे याचा तुर्कांना पत्ता नव्हता. लोझेनग्राद (तुर्कांचं किर्ककिलिसे, आजचं किर्कलारेली) इथे ती अचानक त्यांच्या अंगावर आली. पाऊस, चिखल, अंधार आणि ‘ना नोझ!’ म्हणजे संगिनी घेऊन चढा, ही आरोळी. तुर्की तुकड्यांना पळता भुई थोडी झाली. २४ ऑक्टोबरला बल्गेरियन शहरात शिरले तेव्हा शत्रू तोफा टाकून निघून गेला होता.

युरोपातल्या वर्तमानपत्रांत राद्कोचं नाव झळकलं. बुटका, अंगाने आटोपशीर, त्यामुळे त्याची नेपोलियनशी तुलना होऊ लागली. पाठोपाठ लुले बुर्गासला पाच-सहा दिवसांची घनघोर लढाई झाली. त्यातही विजय, पण बल्गेरियाचे सुमारे वीस हजार सैनिक मेले किंवा जखमी झाले.

दोन्ही विजयांनंतर तुर्कांचा पाठलाग झालाच नाही. माणसं थकली होती हे एक कारण. दुसरं कारण बैलगाड्या. तोफगोळे, भाकरी, जखमी, सगळं बैलगाडीवर, आणि रस्ते म्हणजे गुडघाभर चिखल. बैल काही सेनापतीच्या हुकमाने जोरात चालत नाहीत. तुर्कांना सावरायला वेळ मिळाला आणि ते चताल्जाला जाऊन बसले.

चताल्जा ही इस्तंबूलच्या अलीकडची शेवटची संरक्षक फळी, शहरापासून जेमतेम तीस-चाळीस किलोमीटरवर. एका बाजूला काळा समुद्र, दुसऱ्या बाजूला मार्माराचा समुद्र, दोन्ही टोकांना सरोवरं आणि मधल्या टेकड्यांवर किल्लेवजा मोर्चे. लष्करी डावपेचात शत्रूच्या बाजूने वळसा घालून पाठीवर जायचं असतं. इथे वळसा घालायला जागाच नाही. समोरून छातीवर गोळ्या झेलत चढायचं, आणि दोन्ही समुद्रांतून तुर्की युद्धनौका मारा करणार. त्यात तुर्कांच्या छावणीतली पटकी, म्हणजे कॉलरा, बल्गेरियन सैन्यातही शिरली होती.

तुर्कांनी तहाची बोलणी सुरू करायची तयारी दाखवली होती. पण फर्डिनांडला इस्तंबूलमध्ये विजेता म्हणून शिरायचं होतं. सरसेनापती मिखाइल सावोव्हने प्रत्यक्ष आघाडीवर पहिल्या आणि तिसऱ्या, दोन्ही आर्म्यांची सूत्रं सांभाळणाऱ्या राद्कोला विचारलं. त्याला जमेल असं वाटलं. १७ नोव्हेंबरच्या सकाळी धुक्यात हल्ला सुरू झाला. रात्री काही मोर्चे हाती आले, उजाडताच पुन्हा गेले. दुसऱ्या दिवशी हल्ला थांबवावा लागला. सुमारे बारा हजार माणसांची हानी झाली.

या फसलेल्या हल्ल्याचा दोष कुणाचा, यावर बल्गेरियन इतिहासकार अजून वाद घालतात. माझ्या मते हट्ट राजाचा होता, पण राद्कोला थांबवता आलं असतं. सरसेनापतीने विचारलं तेव्हा ‘नाही’ म्हणणं हेही सेनापतीचंच काम. गोंधळलेल्या शत्रूवर तुटून पडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. शत्रू खंदकात बसला आहे हे दिसल्यावरही मात्र त्याला तीच एक चाल सुचत असे.

हातातोंडाशी आलेला घास

मे १९१३ मध्ये लंडनला तह झाला. मॅसेडोनियाची वाटणी कशी करायची यावरून विजेते आपसात भांडू लागले. रशियाच्या झारने लवादाची तयारी दाखवली होती. फर्डिनांड आणि सावोव्हला धीर धरवला नाही. जूनच्या अखेरीस बल्गेरियन सैन्याने सर्ब आणि ग्रीकांवर अचानक हल्ला केला. मंत्रिमंडळाने तो थांबवायचा हुकूम काढला, सावोव्हला हटवलं आणि सैन्य राद्कोच्या हवाली केलं. म्हणजे दुसऱ्याने लावलेली आग विझवायला हा.

आग विझण्यातली नव्हती. सर्ब आणि ग्रीकांना बल्गेरियनांनी डोंगरांत रोखून धरलंही, पण उत्तरेकडून रुमानिया घुसला आणि तो थेट सोफियाच्या दिशेने निघाला. त्याला अडवायला त्या बाजूला सैन्यच नव्हतं. तुर्कांनी एडिर्ने परत घेतलं, जे जिंकायला मार्चमध्ये हजारो बल्गेरियन पडले होते. ऑगस्टच्या बुखारेस्ट तहात मॅसेडोनियाचा बहुतेक भाग सर्बिया आणि ग्रीसला, तर दक्षिण डोब्रुजा रुमानियाला गेला.

सोफियात अनेकांनी यातून निष्कर्ष काढला की रशिया वेळेला उपयोगी पडत नाही. आता जर्मनी आणि ऑस्ट्रियाचा हात धरू. गेलेला मॅसेडोनिया सर्बियाकडे, सर्बिया रशियाचा लाडका, तेव्हा सर्बियाच्या शत्रूशी मैत्री. राद्को पूर्वीच्याच जागी होता. त्याला राजदूत म्हणून सेंट पीटर्सबर्गला पाठवण्यात आलं.

पुन्हा तिसरी आर्मी

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं. बल्गेरिया तटस्थ. राजदूताने राजीनामा दिला आणि रशियन सैन्यात दाखल झाला. ही गोष्ट क्षणभर बाजूला काढून पाहावी: एका देशाचा वकील म्हणून आलेला माणूस यजमान देशाचा जनरल होऊन लढायला निघतो. तेव्हा बल्गेरिया रशियाचा शत्रू नव्हता, हे मात्र विसरू नये.

आधी एक कोअर (आर्मीचा एक भाग) आणि मग सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रियाच्या गॅलिशिया प्रांतात लढणारी तिसरी आर्मी त्याच्याकडे आली. ती त्याने जनरल निकोलाय रुझ्स्कीकडून घेतली; रुझ्स्कीला बढती मिळाली होती. हे नाव पुढे लागणार आहे. या आर्मीने प्शेमिश्लच्या ऑस्ट्रियन किल्ल्याला वेढा घालायला सुरुवात केली. ऑक्टोबरच्या आरंभी वेढ्याच्या अवजड तोफा पुरेशा नसतानाच किल्ल्यावर समोरून हल्ले झाले. हजारोंनी रशियन सैनिक पडले, किल्ला पडला नाही. या निर्णयात ब्रुसिलोव्हसारख्या वरिष्ठांचाही वाटा होता, पण चताल्जा आठवल्याशिवाय राहत नाही. त्यानंतर तिसरी आर्मी क्राकोच्या जवळ पोचली आणि डिसेंबरमध्ये मागे ढकलली गेली.

२ मे १९१५ च्या सकाळी गोर्लित्से इथे जर्मन जनरल माकेन्सेनने याच तिसऱ्या आर्मीवर घाला घातला. चार तास अखंड तोफांचा भडिमार. रशियनांचे खंदक उथळ, तोफगोळे मोजके, मागची फळी नीट बांधलेली नाही, राखीव सैन्य तुटपुंजं. वरिष्ठांचं सगळं लक्ष कार्पेथियन ओलांडून हंगेरीत उतरण्याकडे होतं, आणि माघार घ्यायला परवानगी नव्हती. दहा दिवसांत लाखाहून अधिक रशियन कैद झाले. जूनमध्ये प्शेमिश्ल आणि ल्विव्ह, दोन्ही हातचे गेले. राद्कोला पदावरून दूर केलं. सगळं खापर त्याच्यावर फोडणं अन्यायाचं आहे, पण सतत पुढे जायचा विचार करणारा सेनापती मागची फळी बांधायला वेळ काढत नाही, हेही तितकंच खरं.

आपलीच आर्मी पलीकडे

ऑक्टोबर १९१५ मध्ये बल्गेरिया जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरला आणि राद्कोच्या निष्ठेचे दोन तुकडे उघडउघड समोरासमोर आले. पुढच्या वर्षी डोब्रुजात लढाई झाली. तिथे बल्गेरियाची तिसरी आर्मी, १९१२ ची त्याची स्वतःची, जनरल स्तेफान तोशेव्हच्या हाताखाली लढत होती. आणि त्या सगळ्या आघाडीचा प्रमुख कोण? गोर्लित्सेला त्याला धूळ चारणारा माकेन्सेन.

त्याच आघाडीवर बल्गेरियन घोडदळाचं नेतृत्व जनरल इवान कोलेव्हकडे होतं. कोलेव्ह बेसारेबियातला, म्हणजे जन्माने रशियन साम्राज्याचा प्रजाजन. आम्हाला सोडवल्याबद्दल मी रशियाचा ऋणी आहे, पण आमच्या डोब्रुजात या कोसॅकांचं काय काम, अशा आशयाचं त्याचं वाक्य बल्गेरियात प्रसिद्ध आहे. सुलतानाच्या राज्यात जन्मलेला राद्को रशियासाठी लढत होता आणि झारच्या राज्यात जन्मलेला कोलेव्ह रशियनांना हाकलत होता. ऋण दोघांनाही मान्य होतं. ते कुठवर फेडायचं यावर मतभेद.

राद्कोकडे १९१६ पासून रीगाजवळची बारावी आर्मी होती, आणि त्याच्या वरचा आघाडीप्रमुख पुन्हा रुझ्स्की. जानेवारी १९१७ च्या कडाक्याच्या थंडीत लात्वियन आणि सैबेरियन सैनिकांनी तोफांचा मारा न करता, अंधारात, अचानक जर्मन फळीवर धडक मारली. सुरुवात यशस्वी, मग काही तुकड्यांनी पुढे जायला नकार दिला, आणि जिंकलेली बरीचशी जमीन महिन्याभरात पुन्हा गेली. लात्वियनांमध्ये या रक्तपाताचा राग धुमसत राहिला; पुढे त्यांच्यातले अनेकजण बोल्शेविकांकडे, म्हणजे रशियातल्या कम्युनिस्टांकडे, वळले.

प्यातिगोर्स्क

मार्च १९१७ मध्ये झारने सत्ता सोडली. प्स्कोव्हला त्याच्यासमोर बसून ते त्याच्या गळी उतरवणाऱ्यांत रुझ्स्की प्रमुख होता. सैन्यात सैनिकांच्या समित्या आल्या, हुकूम पाळायचा की नाही यावर सभा भरू लागल्या. जुलैमध्ये राद्कोचं पद गेलं आणि तो कॉकेशसच्या उत्तरेकडील गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावांत राहायला गेला. रशियातले अनेक उतारवयाचे जनरल तिथेच आले होते, रुझ्स्कीसुद्धा. बल्गेरियात परतणं शक्य नव्हतं: देश अजून शत्रुपक्षात, आणि हा शत्रूचा जनरल.

१९१८ मध्ये हा भाग लाल, म्हणजे बोल्शेविकांच्या, सैन्याच्या ताब्यात होता. बोल्शेविकांनी जुन्या अधिकाऱ्यांना, सरदारांना, मंत्र्यांना ओलीस म्हणून धरलं. ऑक्टोबरमध्ये तिथला लाल सेनापती सोरोकिन आपल्याच पक्षावर उलटला आणि त्याने स्थानिक बोल्शेविक नेत्यांना गोळ्या घातल्या. या भांडणाशी ओलिसांचा काडीचाही संबंध नव्हता, पण सूड त्यांच्यावर निघाला. महिन्याच्या अखेरीस प्यातिगोर्स्कच्या दफनभूमीत कित्येकांना रात्री तलवारींनी कापून मारलं. त्यांत राद्को दिमित्रिएव होता आणि रुझ्स्कीही. त्याच महिन्याच्या सुरुवातीला, युद्ध हरलेल्या बल्गेरियात फर्डिनांडने गादी सोडून जर्मनीची वाट धरली होती.

१९१९ च्या सुरुवातीला जनरल देनिकिनच्या श्वेत, म्हणजे बोल्शेविकविरोधी, सैन्याने प्यातिगोर्स्क घेतलं, खड्डे उकरून प्रेतं बाहेर काढली, साक्षी नोंदवल्या आणि चौकशीचा अहवाल तयार केला. या हत्याकांडाची बहुतेक माहिती त्यातून येते. अहवाल एका युद्धमान पक्षाने आपल्या शत्रूविरुद्ध लिहिलेला आहे, तेव्हा त्यातली नावं आणि प्रेतांची नोंद भरवशाची मानली तरी मरणाऱ्यांच्या तोंडची बाणेदार वाक्यं जरा जपूनच वाचावीत.